वीज, पत्रा आणि नग एकाच पानावर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आपला पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर काढून त्यांना पावडर कोटिंग (भुकटीचा रंग ओव्हनच्या उष्णतेने पक्का करणे) करून देणारा कारखाना आहे आणि तेथे सत्तर माणसे कामाला आहेत. मोठ्या ग्राहक कंपनीने कार्बन उत्सर्जनाची माहिती मागणारा तक्ता पाठवला आहे. त्याच सुमारास एका सॉफ्टवेअर पुरवठादाराने ‘डिजिटल परिवर्तन’ आणि ‘पर्यावरण व्यवस्थापन’ असे दोन स्वतंत्र प्रस्ताव आपल्यापुढे ठेवले आहेत. दोन्हींचा खर्च एकदम झेपणार नाही, तेव्हा आधी काय करावे आणि दोन्हींची सांगड कशी घालावी, असे आपण विचारले आहे.

सातपूर, अंबड आणि सिन्नर भागांतील कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, हे दोन प्रस्ताव नसून एकाच कामाची दोन बिले आहेत. आपल्याकडे उत्पादनाची नोंद सुपरवायझरच्या वहीत असते, विजेचे बिल अकाउंट्सच्या फाइलमध्ये असते आणि भंगाराचे वजन काट्याच्या पावतीवर असते. या तिन्ही नोंदी एकमेकींना कधी भेटतच नाहीत. एका नगामागे किती युनिट वीज, किती किलो गॅस आणि किती पत्रा लागला, हे ज्या दिवशी एका पानावर दिसेल, त्या दिवशी आपली डिजिटल यंत्रणाही सुरू झालेली असेल आणि पर्यावरणाचे कामही. हे पान आधी साध्या एक्सेलमध्ये केले तरी काही बिघडत नाही.

ग्राहकाचा तक्ता कोठून आला, हे जाणून घेतल्यास त्याला उत्तर देणे सोपे जाईल. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने 2022-23 या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर हा व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. स्वतःच्या कारखान्याचे आकडे भरून झाल्यावर या कंपन्यांची नजर साहजिकच पुरवठादारांकडे वळली. ज्यांचा लोखंडी माल युरोपात जातो, त्यांना सीमेवरील कार्बन शुल्काचीही चिंता आहे. ‘सीबॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या व्यवस्थेचा केवळ माहिती देण्याचा टप्पा 1 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू झाला आणि 1 जानेवारी 2026 पासून ती प्रत्यक्ष शुल्काच्या टप्प्यात आली. तिच्या यादीत पोलादाबरोबर नट-बोल्ट आणि स्क्रूही आहेत. त्यामुळे हा तक्ता एकदा भरून विसरण्याचा नाही, तो दरवर्षी येत राहणार.

मालाबरोबर माहितीही द्यावी लागते, हे नाशिक जिल्ह्याला नवे नाही. आपल्या कारखानदारांच्या कितीतरी आधी निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांनी हा अनुभव घेतला आहे. ‘अपेडा’ या कृषिमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने 2006 मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली, तेव्हापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची प्लॉटनिहाय नोंदणी, औषध-अवशेषांचा प्रयोगशाळा अहवाल आणि पेटीपासून बागेपर्यंतचा माग हे सारे संगणकावर राहू लागले. कोणते औषध कधी मारले याची नोंद ठेवायला लागल्यावर फवारणीही जपून होऊ लागली, असे अनेक बागायतदार सांगतात. नोंद ग्राहकासाठी ठेवली जाते, पण शहाणपण नोंद ठेवणाऱ्याच्या पदरात पडते. कारखान्यातही नेमके हेच घडते.

आता आपल्या कारखान्याकडे वळू. पुढील आकडे मी केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी आपले स्वतःचे आकडे घालावेत. समजा, महिन्याला 40,000 युनिट वीज, ओव्हनसाठी 2,000 किलो एलपीजी, जनरेटर आणि टेम्पोसाठी 300 लिटर डिझेल आणि 100 टन पत्रा लागतो. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर विजेचे 28 टन होतात. एका किलो एलपीजीमागे सुमारे 3 किलो, म्हणजे 6 टन. एका लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो, म्हणजे एक टनही पुरता होत नाही. कारखान्याच्या कुंपणाच्या आतली बेरीज 35 टनांच्या आसपास येते. पत्र्याचे काय? भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे 100 टन पत्रा आपल्या दारात येतो तोच 250 टनांचे ओझे घेऊन. कारखान्यात आपण जे काही जाळतो, त्याच्या सातपट.

हा हिशेब मांडला की बहुतेक उद्योजक क्षणभर गप्प होतात, कारण तोवर सगळी चर्चा एलईडी दिवे आणि छतावरचे सोलर यांच्याभोवती फिरत असते. आपल्या व्यवसायात पर्यावरणाचे सर्वांत मोठे काम शीट कापण्याच्या टेबलावर होते. 100 टनांपैकी 72 टन नगांत जात असेल आणि उरलेला पत्रा कातरण म्हणून बाहेर पडत असेल, तर नेस्टिंग सॉफ्टवेअरने (शीटवर नग कमीत कमी कातरण पडेल असे मांडून देणाऱ्या) हे प्रमाण 75 टक्क्यांवर नेल्यास तेवढेच नग 96 टन पत्र्यात निघतात. दर महिन्याला 4 टन पत्रा वाचला, म्हणजे 10 टन कार्बन वाचला. हे आपल्या संपूर्ण विजेच्या उत्सर्जनाच्या एक-तृतीयांशाहून अधिक आहे. शिवाय पत्रा ज्या भावाने घेतला आणि कातरण ज्या भावाने विकली, त्यांतला फरक दर महिन्याला खिशात राहतो. कातरण फुकट जात नाही, ती भट्टीत जाऊन पुन्हा सळई होते, हा आक्षेप रास्त आहे. पण ती पुन्हा वितळवायला वीज लागते, वाहून न्यायला डिझेल लागते, आणि आपल्या तक्त्यात मात्र विकत घेतलेला पूर्ण 100 टन पत्राच धरावा लागतो. पुढे पत्रा घेताना मिलकडून उत्सर्जनाचा दाखला मागण्याची सवय लावून घ्यावी. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये ‘ग्रीन स्टील’ची व्याख्या जाहीर केली असून, तयार पोलादाच्या एका टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते पोलाद तिच्यात बसते. आपल्यासारख्या छोट्या ग्राहकाला मिल लगेच दाद देईल असे नाही. तरीही मागणीची नोंद राहते.

रिजेक्शनकडेही याच नजरेने पाहावे. कोटिंग होऊन नाकारला गेलेला नग म्हणजे त्यातला पत्रा, प्रेसची वीज, धुण्याचे पाणी आणि ओव्हनचा गॅस हे सर्व एकदा खर्च होऊन गेलेले असते, आणि रंग काढून तो पुन्हा लाइनवर घेतला की गॅस दुसऱ्यांदा जळतो. म्हणून दोष नोंदवण्याची पद्धत, म्हणजे कोणत्या पाळीत, कोणत्या हँगरवर, कोणत्या पावडरच्या लॉटला दोष आला याची मोबाइलवर होणारी नोंद, मी पर्यावरणाच्याच खर्चात धरतो. क्वालिटी विभाग ती आपली समजतो; त्याला तसे समजू द्यावे.

वीज मोजण्याबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसा सर्वाधिक वाया जातो तो येथेच, आणि तो मोजणीच्या नावाखाली वाया जातो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी स्वतः उत्साहाने 42 मीटर बसवले होते. प्रत्येक मशिनला एक मीटर, सर्वांची जोडणी एका गेटवेला आणि स्वागतकक्षात भिंतीवर मोठा टीव्ही. पाहुणे आले की त्यांना तो दाखवला जाई. सहा महिन्यांनी आम्ही दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या विजेत मोठी बचत झाल्याचे जाहीर केले, पेढेही वाटले. त्यानंतर महावितरणचे बिल आले आणि त्यात बचतीचा मागमूस नव्हता. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडले. पॅनेलची दुरुस्ती करताना कोणीतरी एका फेजवरचा सीटी, म्हणजे वायरमधला प्रवाह मीटरला कळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, उलटा घातला होता. तीन फेजांवर सारखा भार असताना एक सीटी उलटा बसला की मीटर दोन फेजांची बेरीज करून तिसरी वजा करतो आणि खऱ्या वापराच्या एक-तृतीयांश आकडा दाखवतो. बचत झाली होती ती टीव्हीवर. त्या 42 मीटरांपैकी ज्यांचे आकडे पाहून कोणी काही केले, असे मीटर पाचच होते, हे त्याहून अधिक लाजिरवाणे.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ज्या मीटरचा आकडा बिघडल्यावर पाना घेऊन धावणारा माणूस नावानिशी सांगता येत नाही, तो मीटर बसवायचा नाही. आपल्याकडे मुख्य फीडर, कॉम्प्रेसर, प्रेस विभाग, प्री-ट्रीटमेंटचे (रंगाआधीच्या धुलाईचे) हीटर आणि ओव्हनचे ब्लोअर असे पाच विजेचे मीटर पुरेत, त्यांच्याबरोबर गॅसला एक आणि पाण्याला एक. मीटर मॉडबस या सर्वत्र चालणाऱ्या संपर्क-पद्धतीवर बोलणारे घ्यावेत, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी मीटर बदलावे लागत नाहीत. उपमीटरांची बेरीज महावितरणच्या मीटरशी दर महिन्याला जुळवून पाहावी आणि तफावत पाच टक्क्यांहून अधिक निघाली तर आधी वायरमनला बोलवावे, विश्लेषण नंतर करावे. आपले कनेक्शन एचटी (उच्चदाबाचे) असेल, तर 1 एप्रिल 2020 पासून बिल केव्हीएएचवर, म्हणजे केवळ कामी आलेल्या विजेवर नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर येते, त्यामुळे घसरलेला पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी आलेल्या विजेचे प्रमाण) थेट बिलात उतरतो. महावितरणच्या मीटरमध्ये लोड सर्व्हे, म्हणजे भाराची वेळेनुसार नोंदही साठत असते. ती मागवून घेतली तर दिवसाच्या कोणत्या वेळी भार चढतो, हे एकही पैसा न गुंतवता समजते.

कॉम्प्रेसरचे उदाहरण जवळून पाहू. सातपूरच्या एका वर्कशॉपमधील जुन्या फिटरने मला सांगितले होते, “साहेब, सुट्टीच्या रात्री इथं येऊन नुसते उभे राहा, हवा कुठून पळती ते कानालाच कळतं.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. सगळी मशिन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोडवर (हवा भरत) व किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) राहतो हे घड्याळावर मोजावे. तीन मिनिटे लोड आणि नऊ मिनिटे अनलोड असे चक्र आले, तर बारापैकी तीन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा केवळ गळतीत जाते. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांत हे प्रमाण 20 ते 30 टक्के असणे नेहमीचेच आहे. सात किलो दाबावर सुमारे तीन मिलिमीटरचे एक भोक साधारण 3 किलोवॉट वीज खाते. वर्षाला 6,000 तास लाइन चालत असेल, तर 18,000 युनिट झाले, म्हणजे साडेबारा टन कार्बन, आणि युनिटला नऊ रुपये धरले तरी 1 लाख 62 हजार रुपये. सारे एका फाटलेल्या होजपाइपपायी.

मग यात डिजिटल काय, असे आपण विचाराल. गळती एकदा बंद करणे ही देखभाल झाली, पण तीन महिन्यांत ती पुन्हा होते. कॉम्प्रेसरच्या मीटरवर सुट्टीच्या रात्रीचा वापर दर आठवड्याला आपोआप नोंदला जात असेल आणि तो ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की फिटरच्या मोबाइलवर संदेश येत असेल, तर बचत टिकते. त्या फिटरने गळतीच्या जागी बांधायला लाल चिंध्या ठेवल्या होत्या. चिंधी बांधली, फोटो काढला, दुरुस्ती झाली की चिंधी सोडली आणि दुसरा फोटो काढला. एवढीच ती ‘यंत्रणा’ होती आणि ती उत्तम चालली. दाबाचेही तसेच आहे. कोण्या एका मशिनला लागतो म्हणून सगळ्या लाइनला सात किलो दाब ठेवलेला असतो; तो एक किलोने उतरवता आला तर कॉम्प्रेसरची वीज सहा ते आठ टक्क्यांनी कमी होते. ब्लोअर आणि पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे साधन) लावल्यास लाभ याहून मोठा असतो, कारण वेग 80 टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते.

ओव्हनबद्दल थोडक्यात सांगतो. पावडर पक्की होण्यास लागणारे 180 ते 200 अंश तापमान कन्व्हेअरवर माल असो वा नसो राखले जाते, आणि गॅसचा खरा अपव्यय रिकाम्या हँगरांत असतो. रंगवार जॉब एकत्र लावणारे साधे नियोजन कोणत्याही महागड्या सेन्सरपेक्षा अधिक गॅस वाचवते. ईआरपीचा, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, खरा उपयोग मला येथे दिसतो: ऑर्डर, रंग आणि डिस्पॅचची तारीख एकत्र दिसली तरच असे नियोजन जमते. पुण्याकडे जाणारी गाडी अर्धी भरून निघते त्याचे मूळही बहुधा याच नियोजनात असते, वाहतूकदारात नसते.

पाण्याचा विषय नाशिककरांनी विशेष गांभीर्याने घ्यावा, कारण गोदावरी आपल्याच जिल्ह्यात उगम पावते आणि सांडपाण्याबाबतची तक्रारही वर्षानुवर्षे आपल्याच शहरात ऐकू येते. प्री-ट्रीटमेंटच्या धुण्याच्या टाक्यांत बहुतेक ठिकाणी नळ दिवसभर सुरू असतो. टाकीत कंडक्टिव्हिटी प्रोब बसवून पाण्यातील क्षार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावरच व्हॉल्व्ह उघडेल अशी जोडणी केली, तर पाणी वाचते, ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवरचा) भार घटतो आणि कोटिंगचा दर्जाही स्थिर राहतो. फॉस्फेटिंगचा, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर देण्याच्या कामातला, गाळ हा घातक कचरा आहे. त्याच्या वजनाची नोंद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी भरायची माहिती एकाच जागी ठेवली की वर्षअखेरीची धावपळ वाचते.

डिजिटल साधनांचाही पर्यावरणावर भार पडतो, हे प्रस्ताव विकणारे सहसा सांगत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे 415 टेरावॉट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्का. आपल्या पातळीवर हा प्रश्न केबिनमधल्या सर्व्हरचा आहे. 300 वॉटचा सर्व्हर वर्षभर अखंड चालला तर 2,628 युनिट खातो, आणि त्याला थंड ठेवणारा एसी वेगळाच. पाच मीटरांच्या आकड्यांसाठी असा सर्व्हर ठेवण्याचे काहीही कारण नाही. जुने संगणक आणि युपीएसच्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नयेत. संगणकांना ई-कचऱ्याचे 1 एप्रिल 2023 पासूनचे नियम लागू आहेत आणि बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, त्यामुळे या वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्याव्यात आणि पावती जपून ठेवावी. कागद वाचवणे चांगलेच, परंतु ‘पेपरलेस झालो’ हे आपल्या पर्यावरण अहवालातले पहिले वाक्य असू नये. वर हिशेब मांडलेल्या एका फाटक्या होजपाइपपुढे त्याची मातब्बरी नाही.

छतावरील सोलरविषयी आपण विचारलेले नाही, तरी तो विषय निघेलच म्हणून लिहितो. नाशिकच्या उन्हात एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. सोलर अवश्य बसवावे, पण गळती आणि रिकामा चालणारा भार काढून टाकल्यानंतर, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घेतल्यासारखे होते.

माणसांचा प्रश्न आपण दोनच ओळींत विचारला आहे, पण माझ्या मते यश-अपयश तेथेच ठरते. मीटर लागले की ऑपरेटरला प्रथम वाटते की, ही आपल्यावर पाळत आहे. पहिले तीन महिने आकडे फक्त विभागाचे दाखवावेत, माणसाचे दाखवू नयेत, आणि स्क्रीन स्वागतकक्षात न लावता पाळी बदलताना जेथे सगळे थांबतात तेथे लावावा. फळ्यावर खडूने लिहिले तरी चालेल: कालचे नग, कालचे युनिट, नगामागे युनिट. नगांनी भागल्याशिवाय विजेचा आकडा कधीच दाखवू नये, कारण ऑर्डर कमी असलेल्या महिन्यात वीज आपसूक कमी होते आणि आपण स्वतःचीच पाठ थोपटून घेतो.

आता त्या दोन प्रस्तावांबद्दल. दोन्ही सध्या बाजूला ठेवावेत आणि पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आपला सगळा डेटा हवा तेव्हा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल का, बाजारात मिळणारे कोणतेही मॉडबस मीटर चालतील का, आणि वार्षिक शुल्क थांबवल्यास जुन्या नोंदी आपल्याकडे राहतील का. एकाही प्रश्नाला गोलमोल उत्तर आले, तर दुसरा पुरवठादार पाहावा. केंद्राच्या झेड (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) प्रमाणपत्र योजनेत सूक्ष्म उद्योगांना शुल्कात 80, लघु उद्योगांना 60 आणि मध्यम उद्योगांना 50 टक्के सवलत ठरवलेली आहे. आपण कोणत्या गटात बसता हे उद्यम नोंदणीवरून पाहून घ्यावे, कारण त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक नोंदी सुरुवातीला सांगितलेल्या त्या एका पानातूनच निघतात. ग्राहकाचा तक्ता यंदा बिले आणि पावत्या जोडून, जेवढे माहीत आहे तेवढेच भरून पाठवावा. ‘कार्बन न्यूट्रल’ यांसारखे शब्द त्यात चुकूनही लिहू नयेत.

येत्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचे मशिन बंद झाल्यावर मुख्य मीटरचे आकडे लिहून घ्यावेत आणि सुट्टीनंतर पहिले मशिन सुरू होण्याआधी पुन्हा लिहावेत. त्या दोन आकड्यांतील फरक आणि मागील तीन महिन्यांचे पत्रा-खरेदी व कातरण-विक्रीचे वजन मला कळवावे, म्हणजे पहिला मीटर कोठे बसवायचा हे नक्की सांगता येईल.